मी तर काहीच खात नाही

कुठल्याही लग्नाच्या पंगतीत शेजारी-शेजारी बसलेल्या दोन माणसांकडे नीट बघावं. एक सडपातळ, गालफडं बसलेला. दुसरा भरल्या अंगाचा, शर्टाच्या तिसऱ्या बटणाशी ज्याचं कायमचं वितुष्ट आहे असा. दोघांच्याही पोटात तीन-तीन जिलब्या गेलेल्या. चौथी घेऊन वाढपी आला की सडपातळ माणसाभोवती कौतुकाला ऊत येतो. "घ्या हो, तुम्हाला काय होतंय! खाल्लेलं अंगाला लागत नाही, नशीबवान आहात." शेजारच्याला मात्र कोणी काही म्हणत नाही. नुसते बघतात. त्यालाही ते कळतं, आणि जिलबी ताटात पडायच्या आत तो आपण होऊन खुलासा करतो, "आज सकाळपासून पोटात काही नाही." हे त्याला कोणीही विचारलेलं नसतं.

जिलबी एकाच कढईतली, पाक एकाच पातेल्यातला. पण आपल्याकडे कोण किती खातो याचा निकाल ताटाकडे बघून लागत नाही, अंगाकडे बघून लागतो. बारीक माणसानं चार जिलब्या खाल्ल्या तर तो रसिक. जाड्यानं खाल्ल्या तर "तरीच!" वजनाचं आणि खाण्याचं जे काय नातं असेल ते डॉक्टरांनी शोधावं, तो त्यांचा धंदा आहे. मला मौज वाटते ती लोक मनातल्या मनात जी जमाखर्चाची वही ठेवतात तिची. जाड माणसाच्या वहीत खर्चाची पानं गाळलेली असतात. बारीक माणूस दुसऱ्यांनी केलेलं कौतुकसुद्धा जमेला धरतो. आणि डाएटवर असलेला माणूस दिवसभर फक्त वहीच लिहीत असतो.

आमची एक मावशी आहे. मावशी काहीच खात नाही. हे तिनं डॉक्टरांना सांगितलंय, जावयाला सांगितलंय, आणि तुपाचा डबा घेताना वाण्यालाही सांगितलंय.

सकाळी उठल्यावर तिचा चहा होतो. चहा म्हणजे काही खाणं नव्हे, त्यामुळे चहात बुडवलेल्या दोन खारी चहाच्याच खात्यावर पडतात. मग स्वयंपाक. शेंगदाणे भाजून झाले की ते चोळायचे, सुपात घेऊन पाखडायचे, सालं उडवायची. आता दाणा आतून भाजला गेलाय की कच्चा राहिलाय, हे दाताखाली घातल्याशिवाय आजवर कुणाला कळलेलं नाही. एका दाण्यावर भरवसा ठेवता येत नाही, कारण तो कढईच्या मधला असू शकतो. म्हणून कडेचे चार. आमटीला उकळी आली की पळीनं तळहातावर थेंब घेऊन चाखायची. मीठ बरोबर निघालं तरी गूळ बघायचा राहतोच. पहिली पोळी तव्यावरून उतरली की तूप-गूळ लावून, गुंडाळी करून नातवाच्या हातात. नातू अर्धी खातो आणि मोबाइल घेऊन पळतो. उरलेली अर्धी मावशी खाते का? मुळीच नाही. ती फक्त अन्न वाया जाऊ देत नाही.

त्यानंतर दुधाचं पातेलं. बुडाला आणि कडेला धरलेल्या खरवडीसाठी एके काळी आमच्या घरात भावंडांच्या मारामाऱ्या व्हायच्या. आता एक भावंड पुण्यात, एक बंगळुरात आणि एक न्यू जर्सीत. मारामारीला कोणी उरलं नाही म्हणून मावशीच चमच्यानं कड खरवडते, वर चिमूटभर साखर घालते आणि ओट्याशी उभ्या-उभ्या संपवते. उभ्यानं खाल्लेलं अंगी लागत नाही असं काहीतरी शास्त्र असावं. दुपारी एक वाजता ती पान घेऊन बसते तेव्हा पानात खरोखरच एक पोळी, जराशी भाजी आणि घासभर भात असतो. "बघ बाबा, एवढंच माझं जेवण," ती म्हणते. ते तंतोतंत खरं असतं. मीच साक्षीदार आहे.

मावशी खोटारडी नाही, हे मला अमेरिकेतल्या एका प्रयोगामुळे पटलं. 'काहीही केलं तरी वजन उतरत नाही, दिवसाला बाराशे कॅलरीसुद्धा खात नाही' असं म्हणणारी काही जाड माणसं तिथल्या संशोधकांनी तपासायला घेतली. त्यांना जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेलं पाणी प्यायला दिलं. असं पाणी पोटात गेलं की पुढे लघवी तपासून, शरीरानं एकूण किती ऊर्जा जाळली ते काढता येतं. माणूस वहीत काहीही लिहो, लघवी भिडस्त नसते. १९९२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निकाल आला. या लोकांची चयापचयाची यंत्रणा अगदी ठाकठीक होती. फक्त पोटात गेलेल्यापैकी सरासरी ४७ टक्के त्यांनी वहीत लिहिलंच नव्हतं, आणि हालचाल मात्र ५१ टक्के वाढवून लिहिली होती. अमेरिकेत शेंगदाणे पाखडत नाहीत, दुधाच्या पातेल्याला खरवड धरत नाही, तरी आकडा निम्म्यावर गेला. आमच्याकडे हा प्रयोग केला असता तर ते पाणीसुद्धा "औषधाचं होतं, ते धरू नका" म्हणून वहीबाहेर राहिलं असतं.

ऑफिसात हाच प्रकार सार्वजनिक पद्धतीनं चालतो. कुणाला मुलगी झाली, कुणाचं प्रमोशन झालं, की काजूकतलीचा बॉक्स टेबलावर येतो. पहिला हात पुढे करणारा म्हणतो, "मला अर्धीच." चहाच्या चमच्याच्या दांड्यानं कतली मधोमध कापली जाते. उरलेल्या अर्धीला वारस लागतो, पण दुसऱ्यालाही अर्धीची अर्धीच हवी असते. तासाभरात बॉक्समध्ये भूमितीच्या पुस्तकातले सगळे त्रिकोण दिसायला लागतात. अकाउंट्समधले एक गृहस्थ अर्धी उचलतात, जागेवर जाऊन बसतात आणि प्रिंटआउट घ्यायला म्हणून परत येतात. प्रिंटर त्या टेबलाशेजारीच आहे. त्या दिवशी अकाउंट्स विभागातून फार प्रिंटआउट निघतात. संध्याकाळी सहाला बॉक्समध्ये चांदीच्या वर्खाचा चुरा आणि नखाएवढा एक तुकडा उरतो. त्याला कोणी हात लावत नाही, कारण जो तो तुकडा खाईल त्यानं काजूकतली संपवली असं होईल. तोपर्यंत पूर्ण काजूकतली कोणीच खाल्लेली नसते.

पण खाऊनही न खाल्ल्याचं पुण्य गाठीला बांधण्यात मराठी माणसानं जी उंची गाठली ती उपासात. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याच पूर्वजांची, म्हणजे घरात काय चाललंय ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. उपासाच्या ताटात साबुदाण्याची खिचडी असते, तिच्यात दाण्याचं कूट आणि बटाट्याच्या फोडी, फोडणी तुपाची. बाजूला रताळ्याचा कीस. वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. एवढ्यानं पोट भरलं नाही असं वाटायला नको म्हणून राजगिऱ्याचा लाडू. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदातला स्टार्च. त्यात बाकी फारसं काही नसतं. तमिळनाडूत सेलमच्या बाजूच्या कारखान्यांतून तो आपल्या भक्तीपर्यंत पोचतो. कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिथला, शेंगदाणा तिथला, रताळं आणि मिरचीसुद्धा अमेरिका खंडातलीच. १४९२ मध्ये कोलंबसाचं जहाज निघालं नसतं तर वऱ्याचे तांदूळ आणि शिंगाड्याचं पीठ एवढ्यावरच आषाढी भागवावी लागली असती, म्हणजे उपास करावा लागला असता. यातली बरीचशी पिकं इकडे आणणाऱ्या पोर्तुगिजांनी गोव्यात काय काय केलं ते इतिहासात लिहिलेलं आहे आणि ते विसरू नये. खिचडीपुरतं मात्र जरा नरमाईनं घ्यायला हरकत नाही.

कोणत्या घरात काय चालतं, हा आणखी एक विषय. कुणाकडे जिरं चालतं, कोथिंबीर चालत नाही. कुणाकडे भेंडी चालते. सुनेच्या माहेरी जे चालत होतं ते सासरी चालत नाही, यावरून झालेली युद्धं मी पाहिली आहेत. पण तेलकट साबुदाणा वडा चालत नाही असं घर मात्र अजून पाहिलेलं नाही.

दुपारी चार वाजता उपास करणारा माणूस डोक्याला हात लावून बसतो. "उपासानं गळून गेल्यासारखं झालंय." आपण म्हणतो, अहो, दीड ताटली खिचडी खाल्लीत! पण तो नाटक करत नसतो. त्याला खरोखरच भूक लागलेली असते, आणि यालाही पुरावा आहे. येल विद्यापीठातल्या आलिया क्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली एक मिल्कशेक करून लोकांना पाजला. शेक एकच, ३८० कॅलरीचा. एका खेपेला लेबलवर लिहिलं होतं चैनीचा, ६२० कॅलरी. दुसऱ्या खेपेला त्याच लोकांना तोच शेक, लेबलवर मात्र पथ्याचा, १४० कॅलरी. आणि दोन्ही वेळा रक्तातलं घ्रेलिन मोजलं. भूक चाळवण्याचं काम हे घ्रेलिन करतं. चैनीचा समजून प्याल्यावर घ्रेलिन चांगलंच खाली उतरलं. पथ्याचा समजून प्याल्यावर ते जवळजवळ जागचं हललं नाही. आपण काय खाल्लं यापेक्षा आपल्याला काय खाल्ल्यासारखं वाटतंय, तिकडे पोटाचे कान जास्त असतात म्हणायचे. आमच्याकडे खिचडीच्या पातेल्यावर 'उपास' हे लेबल पिढ्यान् पिढ्या लागलेलं आहे. मग चार वाजता केळ्याचे वेफर्स काढावे लागतात, त्यात त्या माणसाचा काय दोष?

जन्मापासूनच आपण या बाबतीत माणसाला गोंधळात टाकतो. बाळ गुबगुबीत असलं की 'काय छान बाळसं धरलंय', आणि जरा सुटसुटीत असलं की आईच्या दुधापासून वडिलांच्या पगारापर्यंत सगळ्यांवर संशय. गावोगावच्या सुदृढ बालक स्पर्धांत मनगटाला वळ्या असलेल्या बाळांनी बक्षिसं मारली. तेच बाळ पंधरा वर्षांचं झालं की तीच आत्या म्हणते, "भात जरा कमी खात जा रे." बाळंतिणीची तर आणखी कथा. डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, खिरी, वर 'आता दोघांचं खायचं' असा हुकूम, आणि सहा महिन्यांनी त्याच लाडू वळणाऱ्या हाताचा कोपर शेजारणीला लागतो, "सुटलीय नाही का हो?" लग्नाच्या जाहिरातीत मुलगी सडपातळ लागते. मुलाचं वजन मात्र पॅकेजमध्ये सांगतात.

काही वर्षांपूर्वी तर या विषयावरून महाराष्ट्रात दोन तट पडले. एकीकडे डॉ. जगन्नाथ दीक्षित. डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेत त्यांनी सांगितलं, दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत संपवा, मधे काही खाऊ नका. दुसरीकडे ऋजुता दिवेकर. त्या सांगत होत्या, थोडं थोडं आणि वेळेवर खा, घरचं खा, तुपाला घाबरू नका. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी विचार करण्यासारखं होतं. अडचण एवढीच झाली की आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर हे दोन्ही पंथ एकाच स्वयंपाकघरात नांदायला आले. भाऊ दीक्षितांचे, वहिनी दिवेकरांच्या.

"अहो, अर्धं केळं खा ना, दोन तास झाले."

"रात्री आठपर्यंत मी तोंड उघडणार नाही. इन्शुलिन स्रवेल."

"स्रवू दे. दोन तास झाले की तुम्ही पोरांवर ओरडायला लागता, ते तरी थांबेल."

भाऊंचं पाहून पुष्कळांनी दोनदा जेवणं सुरू केलं. आता या पंचावन्न मिनिटांचं काय झालं ते जवळून बघण्यासारखं होतं. त्याआधी मराठी मध्यमवर्गीय माणूस बारा-पंधरा मिनिटांत जेवून हात धुवायला उठत असे. पंचावन्न मिनिटं ही डॉक्टरांनी घातलेली मर्यादा होती. आमच्या लोकांनी ती सरकारी कोट्यासारखी घेतली. मिळालेला कोटा परत करायचा नसतो. भाऊ ताटाशेजारी मोबाइलवर टायमर लावून बसायचे. पोळी-भाजी, वरण-भात, ताक-भात असं सगळं यथासांग उरकून बावीस मिनिटं व्हायची. मग ते मोबाइलकडे बघायचे आणि त्यांच्या चेहऱ्यावर विलक्षण शांती पसरायची. "अजून तेहतीस मिनिटं आहेत," ते सांगायचे. मग थालीपीठ लागायचं. मग लोणी. एके रात्री मी त्यांच्याकडे वर्गणी मागायला गेलो होतो तेव्हा आतून त्यांचा आवाज आला, "अगं, तीनच मिनिटं उरलीत, ते श्रीखंड आण लवकर!" आगीचा बंब मागवताना माणसाचा आवाज इतका व्याकूळ होत नाही.

पुढे दोन्ही पंथांत तह झाला. तुपाला घाबरायचं नाही हे एकाकडून घेतलं आणि वेळेचा कोटा दुसऱ्याकडून. तहात जे कलम अवघड होतं ते दोघांचंही गाळलं गेलं. भाऊंचं वजन दोन किलोंनी वाढलं, आणि त्यांचा दोन्ही पद्धतींवरचा विश्वास उडाला.

डाएट मोडणं हीसुद्धा एक कला आहे. सकाळी चुकून अर्धा बटाटेवडा तोंडात गेला तर खरं म्हणजे अर्धा वडाच गेलेला असतो. पण डाएटवाला माणूस तसं समजत नाही. मोडलंच आहे तर आता आजचा दिवस गेलाच, असं म्हणून तो उरलेला अर्धा, मग दुसरा, मग वर जिलबी असा दिवसाचा रीतसर अंत्यविधी करतो. हरमन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ साली हे पकडलं. त्यांनी आधी मिल्कशेक पाजला आणि मग चव सांगा म्हणून आइस्क्रीम पुढे ठेवलं. जी माणसं एरवी खाण्याचा फार विचार करत नव्हती त्यांनी, शेक पोटात गेला असल्यामुळे, आइस्क्रीम कमी खाल्लं. एरवी घास मोजून खाणाऱ्यांनी शेकनंतर उलट जास्त खाल्लं. म्हणूनच डाएटवाल्यांचा सगळा वार्षिक कार्यक्रम 'सोमवारपासून' सुरू होतो. आठवड्याला एकच सोमवार असतो आणि त्यातले बरेचसे कुणाच्या तरी बारशात जातात.

खाण्याचा सर्वांत जास्त विचार कोण करतं, असं विचारलं तर लोक बोट दाखवतात जाड माणसाकडे. मला ते पटत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ धडधाकट तरुणांना त्यांच्या संमतीनं कित्येक महिने अर्धपोटी ठेवलं होतं. उपासमारीनं शरीराचं काय होतं आणि त्यातून माणसाला परत कसं सावरायचं, ते बघायचं होतं. शरीरं वाळली, पण त्याहून गमतीची गोष्ट अशी की ही मुलं पाककृतींची पुस्तकं जमवायला लागली. झोपताना रेसिपी वाचायची, गप्पा फक्त जेवणाच्या, ताट चाटून पुसून लख्ख. रात्री साडेअकराला पलंगावर पडून कोल्हापुरी मिसळीचे व्हिडिओ बघणारी, कट पडताना आवाज वाढवणारी बारीक मंडळी तुमच्याही घरात असतील. रात्रीच्या जेवणात त्यांनी फक्त दुधी भोपळ्याचं सूप घेतलेलं असतं.

आता आमचे काका. वजन एकसष्ट किलो, गेल्या तीस वर्षांत काटा हललेला नाही. पंगतीच्या जमान्यात पैज लावून जिलब्या खाल्ल्याचं ते अजून सांगतात, आणि दर वेळी आकडा दोनानं वाढतो. घराण्यात सगळ्यांना त्यांचा अभिमान. "काकांचं बघा, काहीही खातात, पचवतात!" आजीचं मत वेगळं होतं, तिच्या मते त्यांच्या पोटात लहानपणापासून जंत होते. काका स्वतः प्रकृतीचं कारण देतात. मी त्यांच्याकडे एक रविवार बसून बघितलं. काका बसतच नाहीत. पेपर उघडतात आणि चश्मा आणायला उठतात. चश्मा आणतात, वाटेत पंखा एक नंबरनं कमी करतात. बसतात, पाय हलवत राहतात. खाली कुणाच्या गाडीचा हॉर्न वाजला की गॅलरीत. परत येताना कॅलेंडर सरळ करतात. दाराची कडी वाजायच्या आत दारात. काकूंच्या म्हणण्याप्रमाणे ते झोपेतही उशी सारखी करतात.

जेम्स लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेयो क्लिनिकमध्ये सोळा जणांना आठ आठवडे रोज हजार कॅलरी जादा खाऊ घातल्या आणि १९९९ साली त्याचं काय झालं ते छापलं. खाणं सगळ्यांचं सारखंच वाढवलेलं. पण कुणाची चरबी सव्वाचार किलोंच्या आसपास वाढली आणि कुणाची जेमतेम एक तृतीयांश किलो. फरक पडला तो व्यायामानं नव्हे. उठणं-बसणं, चुळबुळ, येरझाऱ्या असल्या फुटकळ हालचालींनी. काहींचं शरीर जादा खाणं मिळालं की आपोआप जास्त चुळबुळायला लागतं. म्हणजे काकांना शाळेत ज्या गोष्टीसाठी अंगठे धरून उभं केलं होतं, तिनंच पुढे जिलब्या पचवल्या. मात्र हे मी काकांना सांगितलं तेव्हा त्यांना ते आवडलं नाही. पचनशक्ती ही कर्तृत्वाची गोष्ट आहे, चुळबूळ नाही.

वजन मोजण्याच्या बाबतीत मला स्टेशनवरचं ते जुनं यंत्र सर्वांत सभ्य वाटायचं. लाल-पिवळे दिवे, आत गरगर फिरणारी रंगीत चकती. नाणं टाकलं की आतून खट्ट आवाज आणि जाड पुठ्ठ्याचं छोटं तिकीट हातात. एका बाजूला वजन आणि दुसरीकडे भविष्य. ८१ किलो वाचून माणसाचा चेहरा पडायच्या आत तिकीट उलटलं की 'आपण उदार आहात, लवकरच मानसन्मान मिळेल' अशी दिलासादायक बातमी. डॉक्टरांचा काटा मागच्या बाजूनं काही बोलत नाही. घरचा काटा तर घरोघरी चुकीचाच असतो. तो फरशीच्या सांध्यावर ठेवला की एक किलो कमी दाखवतो हे ज्या दिवशी कळतं, त्या दिवसापासून काट्याची ती कायमची जागा होते.

काटा कितीही बरोबर असला तरी पुढे बीएमआय आहेच. किलोला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. हे सूत्र काढलं ते कुण्या वैद्यानं नव्हे. बेल्जियमच्या अडॉल्फ केतले या खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञानं, १८३०च्या दशकात, तेही समाजातला सरासरी माणूस कसा असतो याचा शोध घेताना. बीएमआय हे नाव त्याला १९७२ साली मिळालं, आणि देणारे होते तेच मिनेसोटाचे कीज. जगभर पंचवीसच्या वर जास्त वजन धरतात. आपल्याकडे ती रेघ तेवीसवर आणून ठेवलीय, म्हणजे परदेशात जो माणूस ठीकठाक असतो तो मुंबईच्या विमानतळावर उतरताच जाड होतो.

रेघ खाली का आणली, याच्या मागे पुण्याचा हात आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक वर्षानुवर्षं सांगत आले की भारतीय माणूस वरून बारीक आणि आतून जाड असतो. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी आणि ब्रिटनच्या जॉन युडकिन यांनी आपला दोघांचा फोटो छापला. दोघेही दिसायला सडपातळ. दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. पुण्याच्या माणसानं पाहुण्यापेक्षा आपल्याकडे काहीतरी दुपटीनं जास्त आहे हे जाहीरपणे कबूल केल्याचा हा बहुधा एकमेव प्रसंग.

हे सगळं मी जेवणं झाल्यावर काकांकडे सांगत होतो. कमरेचा घेर पुरुषांना नव्वद सेंटिमीटरच्या आत हवा, बाईमाणसाला ऐंशीच्या, हेही सांगितलं. काकांनी हात झटकला. "आमच्याकडे काही नाही सापडायचं. आमच्या घराण्यात कोणी जाड नाही."

मावशी लगबगीनं म्हणाली, "बघा तरी मोजून." तिला हा विषय पहिल्यांदाच एवढा आवडला होता.

काकूंनी शिलाई मशीनच्या खणातून टेप काढली, काकांना भिंतीशी उभं केलं, बनियन वर करायला लावलं आणि बेंबीवरून टेप फिरवली. आकडा वाचायला त्यांनी चश्मा कपाळावरून खाली घेतला. चौऱ्याण्णव. त्यांनी टेप सोडून पुन्हा लावली.

"अहो, पोट आत घ्या."

"घेतलंय," काका म्हणाले.